या संगणकासाठी

शल्यविशारद दुपारपर्यंत थांबायला तयार झाले होते. गाठ साधी असली तर तेवढीच काढायची. नसली तर टपाल वाटणाऱ्या त्या बाईचा पाय गुडघ्यातून जाणार होता. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली ती साधीच वाटली होती. पण थोरल्या मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यांचा हात सहीसाठी उचलत नव्हता. गाठीच्या छेदाचं अवाढव्य चित्र इथल्या सर्व्हरवर होतं. परगावच्या मॅडम घरच्या कॉम्प्युटरवरून, रिमोट डेस्कटॉपने, तिथवर येत. आज सर्व्हर त्यांना दारातूनच परत पाठवत होता.

"बाकी सगळे सुखाने आत जाताहेत. मॅडमनीच काय घोडं मारलंय?" डॉक्टरीणबाई सर्व्हरच्या देखभालवाल्याशी फोनवरच हातघाईवर आल्या होत्या.

त्यांची वहिनी आली. सर्व्हर सांभाळणं हा तिचा पेशा. तिने पर्स खुर्चीला अडकवली, कीबोर्डला बोटही न लावता मॅडमना फोन केला आणि पडद्यावरचा संदेश वाचून दाखवायला सांगितलं.

"'या संगणकासाठी परवाना उपलब्ध नाही.'"

"पुन्हा एकदा, मॅडम. सावकाश."

"अगं, कविता आहे का ही?"

"वाचायची तशीच असते."

देखभालवाल्याने मघाशीच फोनवर तोडगा सुचवला होता: मॅडमच्या कॉम्प्युटरवरचा, सर्व्हरमध्ये शिरायचा जुना परवाना पुसायचा, की नवा तात्पुरता मिळतो.

"पुसून टाक ना, वहिनी! जीव टांगणीला लागलाय."

"आणि तोही संपेल, तेव्हा टेबलावर कुणाचा पाय असेल? वन्सं, गाठ दिसली की तुम्ही लगेच कापा म्हणता का?"

वहिनीचे हात मांडीवर निश्चल होते. ही निश्चलता डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची होती: भिंगाला डोळा लावल्यावर आजूबाजूचं जग विझत जातं आणि पेशींचा जांभळा प्रदेश हळूहळू बोलू लागतो, तेव्हाची. ती दुसऱ्या कुणात इतकी सुंदर दिसते, हे मात्र त्या प्रथमच पाहत होत्या.

"'संगणकासाठी'," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "आपण परवाने कशाचे घेतलेत?"

"माणसांचे. माणशी एक."

"आणि सर्व्हरला कुणीतरी यंत्रं मोजायला बसवलंय! यंत्रांचे परवाने त्याच्याजवळ नाहीतच. म्हणून बिचारा ज्याला त्याला तात्पुरते देत राहिला. मॅडमच्या परवान्याची मुदत आधी संपली, एवढंच. मग एकेक करत तुम्हीही दाराबाहेर गेला असतात."

तिने सेटिंग बदललं. यंत्रागणिक नव्हे, माणसागणिक. "या, मॅडम."

पडद्यावर तो जांभळा प्रदेश उघडला. दूरच्या हाताचा बाण त्यावरून फिरला, एका कडेशी रेंगाळला, परत फिरला. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"साधी आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझं बरोबर होतं."

डॉक्टरीणबाईंनी शल्यविशारदांना फोन लावला.

"पायाला परवाना मिळालाय."

"काय मिळालंय?"

"काही नाही, डॉक्टर. गाठ साधी आहे. पाय राहू द्या."

पर्स उचलता उचलता वहिनी फिदीफिदी हसत होती.