दोन्ही पावले दाखवणारी पेटी

मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात खासगी बाजार नावाची पेठ आहे, तिथल्या डॉक्टर सीमंतिनींच्या दवाखान्यात भिंतीवर असते. माझ्या पांढऱ्या काचेवर एक्स-रे लावला, की आतले हाड स्पष्ट दिसते. पोरांची मोडकी पावले पाहण्यात माझा जन्म गेला. हल्ली सगळे कॉम्प्युटरवर बघतात आणि माझ्यावर कॅलेंडर लटकवतात. मला राग येतो, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, परवा नऊ वर्षांची गरिमा आजोबांच्या पाठुंगळीला बसून आली. फूलबागेत कठड्यावरून उडी मारताना तिचा डावा पाय मुडपला होता. आजोबा संभाजीराव फौजी घराण्यातले. त्यांच्याकडे पाय मुरगळला, की घरातल्या वडीलधाऱ्यानेच तिळाच्या तेलाने चोळायचा, ही पिढ्यांची रीत. चार दिवस त्यांनी मायेने चोळला, पण सूज हटेना.

डॉक्टरांनी पावलाची बाहेरची कड दाबून दुखते का विचारले. गरिमाने आजोबांकडे पाहिले आणि नाही म्हणाली. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.

एक्स-रेत करंगळीकडच्या हाडाच्या बुडाशी रेघा दिसत होत्या. वाढत्या मुलांच्या हाडात तिथे एक रेघ मुळातच असते. मग या वाढीच्या, की हाड मोडल्याच्या? चुकीचा अंदाज केला, तर चोळून चोळून मोडलेले हाड सरकायचे. डॉक्टरांनी उजव्या पायाचाही एक्स-रे काढवला, कॅलेंडर उतरवले आणि दोन्ही फिल्म माझ्यावर शेजारी शेजारी लावल्या. उजव्या पावलात एकच उभी रेघ होती. डाव्यात तशीच उभी होती आणि शिवाय एक आडवी. ती आडवी मोडल्याची.

संभाजीरावांचा चेहरा उतरला. "बेटा, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्यारने दाबत होता, आजोबा. आपको बुरा लग जाता."

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी पाय आजोबांनाच धरायला सांगितला, फक्त दाबायचा नाही म्हणाल्या. फुलासारखा धरला त्यांनी. दर मिनिटाला विचारत होते, दुखतंय का? शेवटी गरिमा म्हणाली, "हो, थोडं." आजोबांनी पकड लगेच सैल केली.

मित्रांनो, हाडातली रेघ मी दाखवीन. पण कोणाचे मन राखायला गिळलेले दुखणे माझ्या काचेवर उमटत नाही. ते तुम्हीच सांगा. तुमच्यावर माया करणारे तेच ऐकायला बसलेले असतात.