पाचवी रेघ आणि चौकातला फ्लेक्स

इंद्रभानच्या पोटात बातमी टिकत नाही, हे पिंपळगाव राजात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वांग्याला भाव आला तर पाकिटात पैसे पडायच्या आधी गावाला कळतं. अशा माणसाला खुद्द त्याच्या पोरीने फोनवर सांगावं, "बाबा, माह्या साखरेच्या चार रेघा सापडल्या, एकच राह्यली, पन कोनाले सांगू नोका," आता याला काय म्हणावं?

पण त्याचंही काही चुकलं नाही हो. अनुपमा पुण्याला गेली तेव्हापासून शेजारचा जानराव त्याला चहाच्या टपरीवर गाठायचा. "तुही पोरगी नेमकं काय शिकून राह्यली बे?" इंद्रभान पाठ केल्यासारखं सांगायचा, "ताऱ्याईच्या मधात ढग असतात, त्याईचं रसायन." जानराव शांतपणे विचारायचा, "मंग बाटली भरून आनाले कोन जाते तिथं?" अख्खी टपरी हसायची. इंद्रभानही हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही.

तर फोन ठेवला आणि स्वारी निघाली थेट अजहरच्या दुकानात. वाढदिवस असो, निवडणूक असो, गावातला एकूण एक फ्लेक्स अजहरच छापतो. संध्याकाळपर्यंत चौकात झळकलं: "आकाशगंगेत साखरेचा शोध लावल्याबद्दल कु. अनुपमा हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त गावकरी." फोटो मामेबहिणीच्या लग्नातला होता. मागे मंडपातला पंखा अर्धा आला होता.

दोनच दिवसांत अनुपमा सुट्टीला आली. बसमधून उतरली, वर पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "बाबा, काय करून ठेवलं हे तुमी?"

"काऊन? सापडली न साखर?"

"साखर नाई, साखरेच्या कुळातला एक रेनू. अन् तोही सापडला का नाई, हे उद्या कळन. पाचवी रेघ नाई आली तर तो तो नाईच. माही एवढ्या वर्षाची मेहनत पान्यात. त्यात ह्या फ्लेक्सचा फोटो फिरला, तर माह्या पीएचडीच्या सरांसमोर कोनतं तोंड घेऊन उभी राहू मी?"

इंद्रभान मटकन खाटेवर बसला. त्याचं तोंड पाहून तिलाच कीव आली. मग तिने समजावलं. तिथे जाऊन काही आणता येत नाही. ते रेणू ढगात गरगर फिरतात, त्यांच्यापासून रेडिओच्या लहरी निघतात आणि इथली मोठी दुर्बीण त्या पकडते. प्रत्येक रेणूच्या लहरींच्या जागा ठरलेल्या. जिथे लहर, तिथे आलेखात रेघ उंच उठते. चार जागा जुळल्या होत्या. पाचवी बाकी होती.

इंद्रभानने बोटं मोजली. मग म्हणाला, "म्हंजे सोयरा ओळखल्यासारखं. आडनाव जुळलं, गाव जुळलं, देवक जुळलं, अन् मामकूळ भलतंच निघालं, तर तो आपला पाव्हनाच नाई."

"अस्संच," अनुपमा म्हणाली, आणि रागात असूनही हसली.

इतक्या वर्षांत पोरीचं काम त्याला पहिल्यांदा कळलं होतं. त्याला इतका आनंद झाला की विचारू नका. आणि त्याच दमात हेही कळलं, की आपण मामकूळ न विचारताच पाहुण्यासाठी मांडव टाकून बसलो. उठला, शिडी घेतली आणि भर चौकात, जानरावाच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवून अजहरच्या दुकानात ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे येणार होते. घरी नेटची बोंब, म्हणून बापलेक अजहरच्या दुकानात गेले. अजहरने छपाईचं मशीन बंद केलं, शटर अर्धं ओढलं आणि आपली खुर्ची अनुपमाला दिली.

संगणकाच्या पडद्यावरचा आलेख म्हणजे नुसतं बांधावरचं गवत. खुरटं, खालीवर, कुठेच काही नाही. इंद्रभानचा जीव टांगणीला लागला. "थांबा," अनुपमा म्हणाली, "सगळ्या दिवसाईचे आकडे एकावर एक टाकून पाहते." तिने कळ दाबली. गवत थोडं बसलं. आणखी टाकलं, आणखी बसलं. आणि पाचव्या रेघेच्या ज्या जागी तिने बोट ठेवलं होतं, तिथेच, काही नव्हतं तिथून, एक बारीक कोंब वर आला. अजून टाकलं. कोंब वाढला.

"बाबा," ती म्हणाली, "मामकूळ जुळलं."

इंद्रभानला काय करावं ते सुचेना. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग अजहरला मिठी मारली, मग पुन्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. लाखो कोटी मैलांच्या पलीकडचा पाहुणा, आणि ओळखला कोणी, तर त्याच्या अनूनं! अजहरने कोपऱ्यातला गुंडाळलेला फ्लेक्स कधीच उचलला होता. "काका, लावू का?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. अनुपमा ऐकत राहिली, हो हो म्हणत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "आता हे बाकीचे जानकार तपासतील. काही महिने लागतील. दुसरेही लोक याच रेनूच्या मागं हायेत. तोवर कोनालेच सांगता येनार नाई." आणि तिने बापाकडे पाहिलं. अजहरनेही पाहिलं.

"अल्ला कसम, माह्या दुकानातून बात बाहेर नाई जानार," अजहर म्हणाला. इंद्रभानने फ्लेक्स काखेत मारला आणि निघाला.

टपरीवर जानराव होताच. काखेतली गुंडाळी पाहून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंग इंद्रभान? नाई भेटली वाटते साखर?"

टपरी हसली. इंद्रभानच्या जिभेवर सगळं होतं. पाच रेघा, मामकूळ, गवतातला कोंब. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, की जानरावाची बोलती जन्माची बंद. त्याने बाकाची कड घट्ट धरली.

"फ्लेक्स लावाची घाई झाली भाऊ," तो म्हणाला. "माहीच चूक."

"पोट्टीले सांग, वांगे लाव म्हना."

"सांगतो," इंद्रभान म्हणाला. त्याने चहा बशीत ओतला आणि बशी तोंडासमोर धरली. चहा संपला तरी त्याला ती खाली ठेवता येईना, कारण हसू काही केल्या आवरत नव्हतं.