काळ्या टोकाचा बर्फ

उसारकाकच्या पोटी त्याचा बापच जन्माला आला होता, आणि गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. त्याचे वडील इमिना काळं टोक नावाच्या भूशिरापाशी कुत्र्यांची घसरगाडी, कुत्री, सगळ्यासकट गोठलेल्या समुद्राच्या बर्फाखाली गेले, तेव्हा तो लहान होता. पुढे त्याला मुलगी झाली आणि तिला तेच नाव दिलं. नाव दिलं की माणूस परत आला, मग तो मुलगा होऊन येवो की मुलगी. म्हणून उसारकाक लेकीला ‘बाबा’ म्हणे, ती त्याला ‘पोरा’ म्हणे, आणि त्याची बायको तुकुम्मेक पोटच्या पोरीला मामंजी म्हणून हाक मारी. “मामंजी, आधी नाक पुसा, मग चहाला बसा,” हे त्या घरातलं रोजचं बोलणं होतं.

या सगळ्यात एकच अडचण होती. बापाला नाही कसं म्हणायचं? लहानपणी इमिनाला कुणी रागावलं नाही, मोठेपणी कुणी अडवलं नाही. आता ती खाडीतली सगळ्यांत तरबेज आणि सगळ्यांत हट्टी शिकारी झाली होती. खरं सांगायचं तर हा हट्ट घरच्यांनीच दूध पाजून वाढवला होता.

त्या वर्षी समुद्राला गोठायची घाईच नव्हती. पूर्वी हिवाळ्यात सूर्य काही महिन्यांसाठी बुडायच्या आत खाडी पांढरी होई. या वेळी निम्मा काळोख सरला तरी किनाऱ्यावर लाटा आपटत होत्या. शेवटी एकदाचा बर्फ धरला, तर लगेच त्यावर भरमसाट हिम पडलं. परक्या माणसाला वाटतं, हिम पडलं म्हणजे बर्फ वाढला. पण हिम म्हणजे गोधडी. ती अंगावर पडली की वरची थंडी खाली पोचत नाही आणि बर्फ कोवळाच राहतो. त्यात काळ्या टोकापाशी समुद्र अरुंद होतो, भरती-ओहोटीचं पाणी तिथून ओढीनं धावतं आणि बर्फाला खालून चाटत राहतं.

सूर्य परत दिसू लागला तेव्हा कुत्र्यांचं मांस संपत आलं होतं. टोकापलीकडे, जिथे बर्फ संपून उघडं पाणी लागतं, तिथे वॉलरस आल्याची बातमी आली. टोकावरून गेलं तर एका दिवसाची वाट. हिमनदी चढून डोंगरामागून गेलं तर तिप्पट, तीही अर्धपोटी कुत्र्यांना घेऊन.

इमिनानं सकाळीच गाडी भरली. उसारकाक किनाऱ्यावर उतरला तेव्हा ती दोऱ्या आवळत होती.

“बाबा, हिमनदीवरून जाऊ या.”

“पोरा, तुझं वय झालं. कुत्र्यांच्या बरगड्या दिसतायत बघ. वर चढताना निम्मी बसतील.”

“टोकापाशी हिमाखाली काय आहे ते दिसत नाही.”

“पहार आहे ना! पुढे चालत जाईन, ठोकत ठोकत.”

“पहार मारली तिथलंच ती सांगते, बाबा. पुढच्या पावलाचं नाही सांगत.”

“अरे वा, मला शिकवतोस? बाप कोण आहे इथे?” ती हसली. मागे उभ्या असलेल्या तुकुम्मेकलाही क्षणभर हसू आलं आणि मग ते तिच्या तोंडावरच सुकलं.

“मामंजी, ऐका हो त्याचं,” ती म्हणाली.

“सूनबाई, तू चहाचा थर्मास दे.”

उसारकाकनं आयुष्यभर हेच केलं होतं. एकदा बोलायचं, आणि बाबांनी हसण्यावारी नेलं की गप्प बसायचं. तो बाजूला सरकलासुद्धा. इमिनानं कुत्र्यांना हाक दिली, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि त्याच्या समोरून गाडीचे मागचे दोन उभे दांडे हलले.

त्यानं एक दांडा दोन्ही हातांनी धरला.

गाडी थोडी फरफटली, तोही तिच्यामागे गुडघ्यांवर फरफटला. कुत्री गोंधळून थांबली.

“सोड, पोरा.”

हेच दोन शब्द. लहानपणी, बाबा शेवटचे टोकाकडे निघाले तेव्हा, त्यानं असाच दांडा धरला होता आणि तो त्याच्या डोक्याच्याही वर होता. बर्फ काळसर, म्हणजे पातळ, दिसतोय हे त्याला कळत होतं, पण मुलानं बापाला बर्फ शिकवायचा नसतो. ‘सोड, पोरा,’ बाबा म्हणाले आणि त्यानं सोडला.

“नाही सोडणार,” उसारकाक म्हणाला. “बाबा, मला भीती वाटते. तेव्हापण वाटत होती, मी बोललो नाही. तुम्ही पुन्हा जाऊ नका मला टाकून.”

पांढऱ्या केसांचा माणूस हिमात गुडघे टेकून हमसाहमशी रडत होता. त्याला लाज वाटली नाही. इमिनाला मात्र काय करावं ते सुचेना. हुकूम करणारा मुलगा तिनं उडवून लावला असता. पण रडणारा मुलगा तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. ती खाली उतरली, जाड हातमोजा काढला आणि उघड्या हातानं त्याचं तोंड पुसलं.

“ऊठ,” ती म्हणाली. “गाडीत बस. पुढे, माझ्याजवळ.”

कुत्री डोंगराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी हिमनदीच्या माथ्यावरून काळं टोक खाली दिसलं. बर्फ अखंड होता. कुठे भेग नाही, वाफ नाही, पाण्याचा ठिपका नाही. चढणीत दोन कुत्री लंगडी झाली होती आणि त्यांना गाडीवर घ्यावं लागलं होतं. इमिनानं खाली बोट दाखवलं.

“गेलो असतो की रे सहज.”

“असू दे.”

“निदान अर्ध्यापर्यंत तरी नक्कीच.”

“अर्ध्यापर्यंत तेव्हाही गेला होतात, बाबा,” उसारकाक म्हणाला. “मी किनाऱ्यावरून बघत होतो.”

इमिनानं आपल्या बैठकीखालचं अस्वलाचं कातडं ओढून काढलं, त्याच्या गुडघ्यांभोवती नीट खोचलं आणि विचारलं, “थंडी वाजते का, पोरा?”