झिजवलेली बाराखडी

कोर्टाबाहेर बसून आबांनी पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. त्यावरच संघप्रिया, त्यांची एकुलती एक लेक, शिकली. पुढं कॉम्प्युटर आले, गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि २००३ साली आबा आपला मराठी टाइपरायटर घरी घेऊन आले. तेव्हापासून तो खिडकीपाशी फडक्याखाली होता.

चार वर्षांनी संघप्रिया राजारामपुरीत प्रभुलिंगच्या डिझाइनच्या दुकानात कामाला होती. पन्हाळ्याच्या एका हॉटेलला जुन्या टाइपरायटरच्या अक्षरात मेनूकार्ड हवं होतं. ती घरी येऊन म्हणाली, "आबा, बाराखडी टाइप करून द्या. तुमच्या मशिनची अक्षरं कॉम्प्युटरात घालायची हायत."

"माझ्या मशिनची?" आबांनी दोनदा विचारलं.

तीन दिवस ते मशीन उघडून बसले. रॉकेल, दात घासायचा ब्रश, टाचणी. अक्षरांत साचलेली शाई कोरून काढली. गावभर हिंडून नवी रिबन मिळवली. त्यांनी दिलेल्या कागदावर एकही अक्षर हललेलं नव्हतं.

प्रभुलिंग म्हणाला, "हे लईच स्वच्छ हाय की! हॉटेलवाल्यांना तुटकी, डागाळलेली पायजेत."

आबांना तिनं काही सांगितलं नाही. कॉम्प्युटरवर एकेका अक्षराची कड कुरतडली, 'क'चं पोट शाईनं बुजवलं, 'म' जरा वर सरकवला. कार्ड देखणं झालं.

ते आबांना तिच्या पिशवीत सापडलं.

"एवढं खराब आलतं व्हय गं? मी तर घासूनपुसून दिलतं."

"न्हाय आबा, मीच केलं. लोकांना असलंच आवडतंय."

आबांनी कार्ड खाली ठेवलं. "कागलची एक शालूबाई हुती. नावातलं एक अक्षर पुसट उठलं म्हणून सायबांनी तिचा अर्ज परत केला. चूक माझी, आन् हेलपाटे तिला. त्या दिसापासनं रोज सकाळी टाचणी घेऊन बसायचो."



पुढच्या आठवड्यात ती कामावरून आली तर खिडकीपाशी नुसतं फडकं होतं, घडी घातलेलं.

"भंगारात दिलं," आबा म्हणाले.

ती तशीच चप्पल अडकवून धावली. भंगारवाला म्हणाला, "सकाळीच फोडलं की ताई. लोखंड गेलं बी."

ती अक्षरं पुढं लग्नपत्रिकांवर गेली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर गेली. त्यातलं एकही काम तिनं घरी दाखवायला आणलं नाही. आबांनीही कधी विचारलं नाही.