राखणीची कुत्री

निजामाच्या करोडगिरी नाक्यावरच्या, म्हणजे जकात नाक्यावरच्या शिपायाचं हसू थांबेना. त्याच्या मुलखातून सोलापूरकडे चोरून धान्य नेणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. दोरीनं दोन कुत्री घेऊन हद्द ओलांडणारा सिदू धनगर पहिलाच. मेंढरं कमी झाली, कुत्री बहिणीकडे सोडतो, असं सिदूनं सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यानं खाली मान घालून सांगितलं.

खरं कारण वेगळंच होतं. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल. रझाकारांच्या भीतीनं तामलवाडीच्या आसपासच्या वस्त्यांची झोप उडाली होती. राखणीला हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातली पोरं अंधारातून येत. ती आली की माळावरच्या मेंढवाड्यातून सिदूची कुत्री आकांत मांडत आणि निजामाच्या चौकीवर सगळं कळे. शेवटी गावातले वडीलधारे महांतप्पा स्वतः माळावर आले. गावापुढं कुत्र्यांचं काय घेऊन बसलास, इख घाल त्यांना, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जिवाला घाबरलेला शहाणा माणूस असाच बोलतो.

सिदूचा हात उठेना. त्याच्या बायकोनं, गजराबाईनं, ती कुत्री ताकभाकरीवर वाढवली होती. तिनंच तोड काढली.

"वन्संकडं सोडून या. मेंढरापाशी मी हाय."

बहिणीनं सिदूला मुक्कामाला ठेवून घेतलं. इकडे झुंजूमुंजू होताना रझाकारांची धाड आली. पोरं वेशीवर राखण करत होती आणि धाड आली माळावरून. भुंकायला कुणी नव्हतं. आवाज ऐकून पोरं धावली, गाव वाचलं. गजराबाई झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही, असं लोक सिदूला सांगत राहिले. ते खरं नव्हतं, पण दुसरं काय सांगणार?

महांतप्पा भेटायला आले. सिदूनं घोंगडी अंथरून त्यांना बसवलं.

"तुमी इख घाल म्हनला हुता, मालक," तो म्हणाला. "म्या कुत्री वाचवली."

सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या, नाका उठला, लोकांनी गुलाल उधळला. सिदू बहिणीच्या गावी गेला. कुत्र्यांनी त्याच्या अंगावर उड्या घेतल्या, हात चाटले. मग त्याला सोडून ती तो आला त्या वाटेवर धावत गेली आणि मागून गजराबाई येत असेल म्हणून शेपट्या हलवत उभी राहिली.

बहीण त्यांना हाका मारू लागली.

"नगं बोलवू," सिदू म्हणाला. "बघू दे त्येंला."

तोही उंबऱ्यात बसून वाटेकडे बघत राहिला.