गेले रे गेले

"आऽऽले रेऽऽ आले!"

नऊ वर्षांपूर्वी उर्वीने ही हाक पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती सलिलच्या पडवीत परक्यासारखी चहा घेत बसली होती. ती आईवडलांबरोबर स्थळ बघायला आलेली आणि नवरामुलगाच चहा टाकून बागेत पळालेला. वानर आले होते. गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर उभा राहून, तोंडाशी हात धरून तो ओरडत होता, आणि त्याचा आवाज आंब्याच्या कलमांच्या शेंड्यांवरून घरंगळत पूर्णगडच्या खाडीकडे जात होता. आनंदीबाई, म्हणजे त्याची आई, हसत म्हणाल्या, "उत्तर दे गो. त्याशिवाय उतरायचा नाही तो."

त्या घराची रीतच तशी. वरच्याने आले म्हणायचं. खालच्याने नजर ठेवायची आणि शेवटचं शेपूट गडग्यापलीकडे गेलं की उलटी हाक द्यायची. उर्वीने लाजत लाजत दिली, "गेऽऽले रेऽऽ गेले!" सलिल हसत खाली आला. लग्न तिथेच ठरलं म्हणायचं.

यंदा भाद्रपदात गौरी-गणपती झाले आणि तीच हाक पुन्हा सुरू झाली. झाडावर आंबा नाही, मोहोर नाही, नुसता हिरवा पाला. सलिल सांगायचा, हे वानर फळांना आलेले नाहीत, घराकडे तोंड करून बसतात, आपल्यातला एकेक माणूस हेरून ठेवतात. पाण्यात काही टाकतील म्हणून त्याने विहिरीवर माडाचे विणलेले झाप टाकले, जेवण कमी केलं. धोंडू गडी उर्वीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वयनी, बागंत एक वांदर न्हाय." तिनेही पाहिलं होतं. पानसुद्धा हलत नव्हतं.

पण सलिलच्या तळव्यांतून रक्त येत होतं. दोन तास अनवाणी कातळावरून धावत होता तो. तिला ते बघवेना. तिने पडवीतून हाक दिली, "गेऽऽले रेऽऽ गेले!" आणि तो उतरला. पाय धुऊ दिले, चार घास भात खाल्ला.

मग ती रोज उत्तर देऊ लागली. दिवसातून दोनदा, मग दहादा. आनंदीबाईंनी देवीला कौल लावला, उजवा मिळाला, त्यांचा जीव भांड्यात पडला. उर्वीचा नाही. सलिल रोडावत चालला होता, आणि परवा तर म्हणाला, आई आणि धोंडू वानरांना सामील आहेत, त्यांच्या हातचं खाऊ नकोस.

शेवटी तिने रत्नागिरीतल्या मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्याला सांगितलं, माझी झोप उडालीय, सोबत ये. तो लगेच आला. एसटीत तिला खिडकी दिली, तिची पाण्याची बाटली स्वतः धरली, वाटभर तिचा हात हातात घेऊन म्हणत राहिला की तुझ्यावर फार ताण पडतोय गं.

डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारले आणि हळूच त्याच्याकडे वळले. सलिलने सगळं सांगितलं. कुठे बसतात, किती असतात, काय बोलतात. फवारणीचं वेळापत्रक सांगावं तितकं शांतपणे. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला दिसतात का?

"आईला नाही. धोंडूला नाही." तो जरासा हसला. "मलाही आधी वाटलं, डोकं फिरलं आपलं. मी तुमच्याकडे नंबरही लावला होता, डॉक्टर. गणपती झाल्यावर. कुणाला न सांगता, एकटाच येणार होतो." त्याने उर्वीचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. "पण त्याच आठवड्यात ही उत्तर द्यायला लागली. दोघांना काही एकच वेड लागत नाही ना?"

उर्वीला खोलीतला पंखा ऐकू येईना. तो येणार होता. स्वतःच्या पायांनी येणार होता, आणि तिने पडवीत उभं राहून त्याला परत बोलावलं होतं.

तिच्या हातावर त्याचा हात होता. गरम, विश्वासाचा. आता तो सुटणार आणि पुन्हा यायचा नाही, आई-धोंडूंच्या ओळीत आपणही जाऊन बसणार, हे तिला दिसत होतं. वानर कधी दिसले नव्हते, हे मात्र लख्ख दिसत होतं. सलिल गडग्यावरून बघायचा तसा तिच्या तोंडाकडे बघत होता. उत्तराची वाट पाहत.

"सलिल," ती म्हणाली, "मला एकही वानर दिसला नाही रे. एकदाही नाही."