थोरली नावाचा बोका

ऑफिसात तिला सगळे 'कडी' म्हणत, कारण तिनं बनवलेल्या कुठल्याही वेबसाइटमध्ये शिरायचं म्हणजे मोठं दिव्य. जनावरांच्या दवाखान्याचं लॉगिनचं पान तर तिनं जीव ओतून बनवलं होतं. ब्राउझरनं पासवर्ड आपोआप भरू नये म्हणून त्या पानावरच्या रकान्यांची नावं दर वेळी बदलत. चोर आला तर डोकं धरून बसेल, अशी तिची खात्री होती.

चोर काही आला नाही. डोकं धरून बसली ती तिचीच आत्या.

आत्या त्या दवाखान्यात काउंटरवर काम करायची. सकाळी दार उघडलं की समोर भुंकणं, गुरगुरणं, पिंजऱ्यांची खडखड, आणि आत्या एका बोटानं सोळा अक्षरं शोधत बसलेली. तीनदा चुकलं की पान दहा मिनिटं बंद. रविवारी ती भावाकडे जेवायला आली, ती तणतणतच.

"अगं, दुकानाचं पान मला ओळखतं, लायब्ररीचं ओळखतं. सख्ख्या भाचीनं केलेलं तेवढं ओळख दाखवत नाही!"

"आत्या, ते सुरक्षेसाठी आहे."

"हो ना? मग माझा पासवर्ड कुठं आहे, विचार."

"कुठं आहे?"

"माशांच्या टाकीवर चिकटवलाय. येणारी-जाणारी माणसं वाचतात. एक आजोबा तर मला अक्षरं सांगतात."

कडीच्या हातातला घास हातातच राहिला.

सोमवारी ती दवाखान्यात जाऊन बसली. रकान्यांना कायमची नावं दिली, 'हे वापरणाऱ्याचं नाव, हा पासवर्ड' असं ब्राउझरला कळेल अशा खुणा केल्या, आणि 'आपोआप भरू नकोस' ही ताकीद सगळ्या वेबसाइटवरून एका झटक्यात काढून टाकली. "लक्षात ठेवू का?" असं ब्राउझरनं विचारलं. आत्यानं 'हो' दाबलं. पुढच्या वेळी दोन्ही रकाने डोळ्याचं पातं लवायच्या आत भरले. आत्यानं टाकीवरचा कागद टराटरा फाडला. कडी ताठ मानेनं ऑफिसात परतली.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"आज सकाळपासून माझ्याकडे अकरा जनावरं आली. अकराही थोरल्या कशा?"

कडी धावत गेली. झालं होतं असं, की नव्या पेशंटच्या पानावर जनावराचं नाव लिहायचं, आणि त्याच्याखाली मालकाला पुढं रिपोर्ट बघायला लागणारा गुप्त आकडा. तो आकडा कुणाला दिसू नये म्हणून कडीनं तिथं पासवर्डचा रकाना वापरला होता. ठिपक्यांचा रकाना दिसताच ब्राउझरला वाटलं, हेही लॉगिनच. त्यानं वरच्या रकान्यात आत्याचं लॉगिनचं नाव टाकून दिलं. ते होतं 'थोरली'. पाच भावंडांत ती मोठी, म्हणून.

"तुला दिसलं नाही?" कडीनं विचारलं.

"दिसलं की! मला वाटलं, तू त्याला नावंसुद्धा ठेवायला शिकवलंस."

"आणि डॉक्टरांनी 'थोरली, आत या' अशी हाक मारली तेव्हा?"

"तेव्हा मीच गेले," आत्या म्हणाली. "त्यांच्या हातात थर्मामीटर होता. मग काय, आल्या पावली मागं फिरले."

कडीनं हसू दाबलं, मग ते दबेना. पण चूक तिची होती, आणि तसं तिनं डॉक्टरांना सरळ सांगितलं. त्या पानाला ब्राउझरनं हात लावू नये अशी सोय केली, प्रत्येक पान स्वतः उघडून पाहिलं, आणि अकरा मालकांना फोन करून खरी नावं विचारली. दहा जणांनी सांगितली. अकरावा, एका आडदांड बोक्याचा मालक, म्हणाला, "राहू द्या हो. आजवर कुठल्याच नावाला ओ देत नव्हता. या नावानं कान तरी हलवले."

ती निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला हळूच बाजूला घेतलं.

"माझंही जरा बघता का? मी पासवर्ड विसरलोय. दोन महिने झाले."

"मग रोज आत कसे जाता?"

डॉक्टरांनी माशांच्या टाकीच्या, आता कागद नसलेल्या काचेकडे पाहिलं. "कालपासून पंचाईत झालीय."

कडीनं पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. "बसा. नवा पासवर्ड तुम्ही स्वतः टाका. आत्या, तू तिकडं बघ."

"बघते," आत्या म्हणाली, आणि डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून बघत राहिली.